छोट्या डेकवर कमाडो: 18 इंची की 24 इंची?

वाचकाचं पत्र

न्यू जर्सीत आमचं स्वतंत्र घर आहे. मागच्या बाजूला 8 फूट बाय 12 फुटांचा कंपोझिट (लाकूड आणि प्लास्टिकच्या मिश्रणाच्या) फळ्यांचा डेक आहे. भिंतीला व्हायनिल सायडिंग (बाहेरून लावलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या), रेलिंगही व्हायनिलचं. घरातून डेकवर यायला 6 फुटी सरकतं दार आहे, ते भिंतीच्या डाव्या अर्ध्या भागात. समोरच्या तीन पायऱ्या उतरलं की हिरवळ. आम्ही दोघं, सात आणि दहा वर्षांची दोन मुलं. उन्हाळ्यात नाशिकहून सासू-सासरे तीन महिने येतात, ते शुद्ध शाकाहारी. महिन्यातून एकदा मित्रमंडळी जमतात, तेव्हा दहा-बारा माणसं होतात. आम्हाला सिरॅमिकचा कोळशावरचा कमाडो (जाड भिंतींची, झाकणाची अंडाकृती शेगडी) घ्यायचाय: तंदुरी चिकन, पनीर टिक्का, वांग्याचं भरीत, कणसं, नान यांसाठी. नवरा म्हणतो, एकदाच घ्यायचा तर 24 इंची घेऊ. मला वाटतं एवढ्याशा डेकला 13 इंची पुरे. दुकानदार मधलाच कुठला तरी सुचवतोय. नक्की कुठला घ्यावा?

उत्तर

18 इंची घ्या. आणि शक्य असेल तर तो डेकवर ठेवूच नका, पायऱ्या उतरून हिरवळीच्या कडेला फरशी घालून तिथे ठेवा. ही दोन उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून दोन्ही सविस्तर सांगतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. प्रत्येक कंपनीचा 'लार्ज' वेगळा. बिग ग्रीन एगचा 'लार्ज' म्हणजे 18 इंची जाळी (काटेकोर बोलायचं तर सव्वा अठरा), आणि कमाडो जोमध्ये त्याच मापाला 'क्लासिक' म्हणतात. बिग ग्रीन एगचे 'स्मॉल' आणि 'मिनीमॅक्स' दोन्ही 13 इंची, फक्त उंचीत फरक. 'एक्स्ट्रा लार्ज' आणि कमाडो जोचा 'बिग जो' हे 24 इंची. तेव्हा दुकानात नाव विचारू नका, स्वयंपाकाच्या जाळीचा व्यास विचारा. जाहिरातीत कधीकधी वरचा मजला (मुख्य जाळीच्या वर बसणारी दुसरी जाळी) धरून 'एकूण क्षेत्रफळ' फुगवून लिहितात. तुलना करायची ती फक्त मुख्य जाळीचीच.

आता माणसांचा हिशोब. गोल जाळीचं क्षेत्रफळ 13 इंचीला सुमारे 133 चौरस इंच, 15 इंचीला 177, 18 इंचीला 254 आणि 24 इंचीला 452. मांडीसकट अख्खी चिकनची तंगडी, शेजारच्या तुकड्याला न चिकटता, वारं खेळायला थोडी जागा ठेवून, साधारण 30 चौरस इंच घेते. म्हणजे 13 इंचीवर एका वेळी चार तंगड्या, 15 इंचीवर पाच, फार तर सहा, 18 इंचीवर आठ आणि 24 इंचीवर पंधरा. तुमच्या बारा जणांत चार शाकाहारी धरले तर आठ तंगड्या लागतात. 18 इंचीवर त्या एकाच घाण्यात होतात. ज्याला दुसरी हवी त्याच्यासाठी दुसरा घाणा पाऊण तासात निघतो, कारण सिरॅमिक एव्हाना तापलेलंच असतं.

पनीर टिक्क्याला क्षेत्रफळापेक्षा लांबी नडते, आणि 13 इंचीचा तुमचा विचार इथेच अडतो. बाजारात मिळणाऱ्या सळया बहुधा 14 इंच किंवा त्याहून लांब असतात. 13 इंचीवर सळईचं टोक काठाबाहेर येतं, झाकण पुरतं टेकत नाही, फटीतून हवा शिरते आणि आच हातातून निसटते. कमाडोचं सगळं काम हवेच्या नेमक्या वाटेवर चालतं. खालच्या झडपेतून हवा आत येते, वरच्या झडपेतून धूर बाहेर जातो, तिसरी वाट असायलाच नको. झाकण अर्धा इंच जरी उचललेलं राहिलं तरी तो कमाडो उरत नाही, साधी उघडी शेगडी होते. 18 इंची जाळीवर मात्र 14 इंची सळया शेजारी-शेजारी पाच-सहा मावतात आणि झाकण नीट बसतं.

नानचंही तसंच. भाजायचा दगड जाळीच्या व्यासापेक्षा तीनेक इंच लहान हवा, म्हणजे कडेने गरम हवा वर चढते आणि वरची बाजूही भाजली जाते. दगड काठापर्यंत भिडला तर नान खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो. 18 इंचीत 15 इंची दगड बसतो, त्यावर 7 इंचाचे दोन नान एकदम पडतात. 13 इंचीत 10 इंची दगड, म्हणजे एका वेळी एकच नान. बारा जणांना प्रत्येकी दोन धरा आणि गणित करून बघा. मधलं झाकण उघडणं-मिटणं धरून एक घाणा तीन-चार मिनिटांचा. दोन-दोन टाकले तर पाऊण तास, एकेक टाकले तर दीड तास. शेवटच्या नानपर्यंत पाहुण्यांचं जेवण उरकलेलं असेल.

आणखी एक कारण आहे, ते आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. 18 इंचीत अर्धचंद्राकृती जाळ्या आणि अर्धचंद्राकृती डिफ्लेक्टर (निखारे आणि जाळीच्या मधे बसणारी, थेट धग अडवणारी सिरॅमिकची तबकडी) घालून दोन भाग करता येतात. एका बाजूला थेट आच, दुसऱ्या बाजूला आडोसा. प्रत्येक भाग सुमारे 127 चौरस इंचांचा होतो, म्हणजे एकीकडे चार तंगड्या आणि दुसरीकडे कणसं आरामात. हेच 13 इंचीत करायला गेलात तर 66-66 चौरस इंचांचे दोन तुकडे हाती येतात, त्यात दोन वांगीही धड मावत नाहीत.

शाकाहाराचा प्रश्न या अर्ध्या जाळ्यांनी अर्धाच सुटतो, हे आधीच सांगतो. शाकाहारी पदार्थ कधीही मांसाच्या खालच्या मजल्यावर ठेवायचे नाहीत, वरून रस गळतो. शेजारी-शेजारी ठेवले तरी चरबीचे शिंतोडे उडतात आणि धूर एकच असतो. चांगला रिवाज असा: शाकाहारी पदार्थांसाठी वेगळी 18 इंची गोल जाळी विकत घ्या, तिच्या कडेला तार गुंडाळून खूण करा, आणि शाकाहारी घाणा पहिला काढा. आधी वांगी आणि कणसं, मग पनीर, त्यानंतर जाळी बदलून चिकन. त्यातही आतल्या भिंतींवर आदल्या वेळच्या चरबीचा थर असतोच. जोरदार तापवून तो बराचसा जळतो, पण अजिबात उरत नाही असं नाही. हे सासूबाईंना आधी मोकळेपणाने सांगा. त्यांना चालणार नसेल तर त्यांच्यासाठी छोटी वेगळी शेगडी ठेवणं हाच सरळ मार्ग. जेवताना समजलं तर त्यांना वाईट वाटेल आणि तुम्हालाही.

आता तुमच्या मिस्टरांचा 24 इंची. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मोठ्या कमाडोत अख्खी ब्रिस्केट (गोमांसाचा छातीकडचा मोठा तुकडा) सपाट मावते, थँक्सगिव्हिंगला टर्की आणि बाजूच्या भाज्या एकत्र होतात. पंचवीस माणसं वरचेवर जेवायला असणाऱ्या घरात 24 इंचीच हवा. तुमच्याकडे ती गर्दी महिन्यातून एकदा आणि तीही बाराची. बाकीचे दिवस चार-सहा माणसं. मंगळवारी संध्याकाळी चार तंगड्या भाजायच्या म्हटल्या तरी मोठ्या भट्टीत कोळशाचा जाड थर भरावाच लागतो, नाहीतर निखारे जाळीपासून फार खाली राहतात आणि भाजणी असमान होते. झडपा बंद केल्यावर उरलेला कोळसा विझतो आणि पुढच्या वेळी वापरता येतो, त्यामुळे सगळाच वाया जातो असं नाही. पण सिरॅमिकचा तेवढा मोठा डोलारा पुरता तापायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा कोळसा नुसता तापवण्यातच जातो. 18 इंचीला 350 फॅरनहाइटवर यायला 20 ते 30 मिनिटं पुरतात. शाळा-ऑफिसच्या दिवशी हाच फरक ठरवतो की कमाडो वापरला जाणार की झाकून पडून राहणार.

दुकानदार 'मधला' म्हणतोय तो बहुधा 15 इंची असावा. त्याचा मोह टाळा. बाहेरच्या घेरात तो 18 इंचीपेक्षा जेमतेम तीन इंच लहान, म्हणजे डेकवर तीन इंच वाचतात आणि स्वयंपाकाची जागा तीस टक्के जाते. त्यातून दगड, डिफ्लेक्टर, अर्ध्या जाळ्या, वरचा मजला असं जोडसामान सगळ्यांत जास्त 18 इंचीसाठी मिळतं. 15 इंचीसाठी शोधत बसावं लागतं.

आता जागा. पेन्सिल-कागद घ्या, कारण 24 इंची तुमच्या डेकवर का बसत नाही ते आकड्यांतच दिसतं.

सरकतं दार डाव्या 6 फुटांत, म्हणजे उजवीकडची 6 फूट रुंद आणि 8 फूट खोल पट्टी मोकळी. कमाडोची पाठ समोरच्या रेलिंगकडे. झाकणाची बिजागरी मागे असते, उघडताना झाकण मागे येतं आणि व्हायनिल उष्णतेला फार नाजूक असतं. म्हणून मागे निदान 24 इंच सोडा. गाड्यासकट 18 इंची कमाडोची खोली 28 ते 30 इंच धरा. पुढे उभं राहून चिमटा चालवायला, झाकण उघडताना एक पाऊल मागे सरायला 36 इंच. बेरीज 88 ते 90 इंच. डेकची खोली 96 इंच. जेमतेम मावतो. 24 इंचीचा गाडा 36 इंचांच्या घरात जातो, बेरीज 96 इंच, म्हणजे भाजणाऱ्याची पाठ सायडिंगला टेकलेली. रुंदीतही तेच. कमाडोच्या दोन्ही बाजूच्या फळ्या उघडल्या की 18 इंची सुमारे 4 फूट होतो. बाजूच्या रेलिंगपासून 2 फूट सोडून तो 6 फुटांच्या पट्टीत बरोबर बसतो. 24 इंची फळ्यांसकट 5 फुटांच्या आसपास, म्हणजे दाराच्या वाटेत फूटभर घुसणार. गरम फळीजवळून मुलं ये-जा करणार असतील तर ही जागा नव्हेच.

तरीही 18 इंची 'बसतो' म्हणजे तिथे ठेवावा असं नाही. व्हायनिल सायडिंग साधारण 160 ते 165 फॅरनहाइटला मऊ पडायला लागतं. सिरॅमिकची बाहेरची बाजू लोखंडी ग्रिलइतकी धग फेकत नाही हे खरं, पण झाकण उघडल्यावर आणि वरच्या झडपेतून निघणारी हवा त्याच्या कितीतरी पट तापलेली असते. तुमच्या मांडणीत कमाडो भिंतीपासून साडेतीन फुटांवर येतो. वरती छपराची पागोळी बाहेर आलेली असेल तर अंतर आणखी कमी. अमेरिकेत ग्रिलसाठी दिला जाणारा सर्वसाधारण सल्ला घरापासून 10 फूट दूर असा आहे, आणि तुमचा डेकच 8 फुटांचा. शिवाय पेटलेल्या ग्रिलभोवती 3 फुटांचं मुलांना बंदीचं वर्तुळ पाळायचं असतं. ते आखलंत की डेकचा उजवा अर्धा भाग पेटत्या वेळी मुलांसाठी बंद.

कायद्याचं थोडक्यात. बऱ्याच राज्यांनी आधार म्हणून घेतलेल्या इंटरनॅशनल फायर कोडमध्ये जळाऊ बाल्कनीवर किंवा जळाऊ बांधकामापासून 10 फुटांच्या आत कोळशाची शेगडी पेटवायला मनाई आहे. एक किंवा दोन कुटुंबांच्या घरांना त्यातून सूट आहे, तुमचं घर त्यात येतं. पण गावचे नियम वेगळे असू शकतात, आणि वसाहतीची संघटना असेल तर तिचे आणखी. टाउनशिपच्या फायर मार्शलच्या कार्यालयात एक फोन करा. विमा कंपनीलाही विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. टाउनहाउस किंवा अपार्टमेंटमधल्या वाचकांनी हे आधी केल्याशिवाय कमाडोची किंमतसुद्धा विचारू नये.

वजनाची भीती मात्र लोक नको तितकी बाळगतात. 18 इंची बिग ग्रीन एग नुसता 162 पौंड, 24 इंची 219. गाडा, फळ्या, कोळसा धरून 18 इंची अडीचशे पौंडांच्या आसपास, 24 इंचीची काही मॉडेल्स 400 च्याही वर जातात. डेक सहसा चौरस फुटाला 40 पौंड भार धरून बांधतात, म्हणजे तुमच्या 96 चौरस फुटांना 3,800 पौंडांच्या वर. धडधाकट डेक हे सहज पेलतो. प्रश्न डेक धडधाकट आहे का हा. खाली वाकून बघा: भिंतीला जोडलेला वासा बोल्ट किंवा जाड स्ट्रक्चरल स्क्रूंनी पक्का आहे की नुसत्या खिळ्यांवर, वाशांच्या लोखंडी कड्या गंजल्यात का, स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर लाकूड मऊ लागतं का. कुठे शंका आली तर आधी सुतार, मग कमाडो.

म्हणून आमचा आग्रह खालच्या फरशीचा. पायऱ्यांच्या वाटेत येणार नाही अशा बाजूला, डेकच्या कडेपासून 3 ते 4 फूट पुढे कमाडो ठेवला तर घराची भिंत 11-12 फुटांवर जाते, रेलिंगही दूर राहतं आणि डेक बसा-उठायला मोकळा होतो. 16 इंची चौरस काँक्रीटच्या पंधरा फरश्या, तीन बाय पाच मांडल्या की 48 इंच बाय 80 इंचांचा ओटा होतो. कमाडोला आणि त्याच्यासमोर उभं राहायला पुरेसा.

खणायच्या आधी 811 ला फोन करा. जमिनीखालच्या वायर आणि गॅसच्या नळ्या फुकट येऊन खुणा करून देतात, आणि हे टाळायची मुभा नाही. मग 6 इंच खणा, कडेने दोन-तीन इंच जास्त. खाली 4 इंच बारीक-मोठी मिसळ खडी, दोन थरांत, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकून. वर 1 इंच वाळू, लाकडी पट्टीने सपाट ओढलेली. अर्ध्या घनफुटाच्या पिशव्या घेतल्या तर खडीच्या वीस आणि वाळूच्या पाच पुरतात. फुटामागे 1/8 इंच उतार घरापासून उलट्या दिशेला. फरशी गवतापेक्षा पाऊण इंच वर राहिली पाहिजे, म्हणजे पाणी साचत नाही. खडी न ठोकता वाळूवरच फरशा टाकायचा आळस करू नका. पहिल्याच हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, फरशा वरखाली होतात, आणि अडीचशे पौंडांचा चाकांवरचा सिरॅमिक तिरका उभा राहिला की तो कलंडायची भीती कायमची.

हे जमणारच नसेल आणि डेकवरच ठेवायचा असेल, तर 18 इंचीच, वर सांगितलेल्या मांडणीने, आणि कंपनीच्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त अंतर लिहिलेलं असेल तर ते पाळून. फळ्यांवरच्या स्क्रूंच्या ओळीवरून खालचे वासे कळतात, चाकं त्यांच्यावर येतील असं बघा. खालची झडप पुढच्या बाजूला असते, निखाऱ्याचे कण तिथूनच पडतात, म्हणून खाली न जळणारी चटई हवी आणि ती पुढे दोन फूट बाहेर आलेली हवी. रबराची पाठ असलेली चटई कंपोझिट फळ्यांवर कायमचा डाग पाडते, ती घेऊ नका. कोळसा पेटवायची पत्र्याची चिमणी वापरत असाल तर ती रिकामी केल्यावर डेकवर टेकवू नका. फळीवर वितळलेलं गोल वर्तुळ उमटतं आणि ते घासून जात नाही, फळीच बदलावी लागते. लाकडी टेबलात कमाडो बसवायचा विचारही करू नका. बसवणारे लोक खाली फरशी आणि पायांची बैठक ठेवून हवेची पोकळी सोडतात. ती पोकळी राहून गेली तर लाकूड आतून हळूहळू कोळसा होत जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही.

डेकवर ठेवायचा आणि वजनाचाही प्रश्न असेल अशा वाचकांसाठी आणखी एक पर्याय आहे: दुहेरी पत्र्याचे कमाडो. चार-ग्रिलरचा ॲकॉर्न 20 इंची असून सुमारे 100 पौंडांचा. आच बरी धरतो, किंमतही बरीच कमी. पण पत्रा गंजतो, आणि सिरॅमिकसारखी तासन् तास स्थिर आच मिळत नाही. तुम्ही दीर्घ पल्ल्याचं घेताय, तेव्हा सिरॅमिकच घ्या.

घेतल्यावर कसा वापरायचा यात पहिल्या महिन्यात ठरावीक चुका होतात, त्या आधीच सांगून ठेवतो.

कोळसा ओबडधोबड लाकडी तुकड्यांचा घ्या. दाबून केलेल्या वड्यांची राख फार होते, खालच्या जाळीची भोकं बुजतात आणि तासाभरात आच मरते. पेटवायला रॉकेलसारखं द्रव चुकूनही वापरू नका. आतलं सिरॅमिक सच्छिद्र असतं, ते तेल शोषून घेतं आणि पुढचे कित्येक स्वयंपाक तोच वास देतात. मेणाची किंवा लाकडी भुशाची वडी पुरते. मंद आचेला मधोमध एकच जागा पेटवा, तंदुरी आचेला तीन. झाकण दहा मिनिटं उघडं, मग बंद.

आच वाढवणं सोपं, उतरवणं फार कठीण. सिरॅमिक एकदा 600 फॅरनहाइटला गेलं की 350 वर यायला तास-दीड तास घेतं, तोवर पनीर वाट बघतं. म्हणून हव्या त्या आचेच्या 50 अंश आधीच झडपा आवळायला लागा. आणि 400 च्या वर असताना झाकण एकदम उघडायचं नाही. आत प्राणवायू कमी असतो, बाहेरची हवा एकदम घुसली की ज्वाळेचा लोळ तोंडावर येतो. आधी दोन इंच उचला, पाच-सहा सेकंद थांबा, मग पूर्ण उघडा. तुमच्या दोन्ही मुलांना झाकणाला हात लावायची बंदी याच एका कारणाने करा.

तंदुरी चिकनला सुरुवात 450 ला, दही-मसाला निथळून, कारण गळणारं दही निखाऱ्यावर पडलं की कडू धूर होतो. तंगडीच्या आत, हाडाला न टेकता, थर्मामीटरने 175 ते 185 फॅरनहाइट आल्यावर काढा. 165 ला ती खायला सुरक्षित असते, पण सांध्याजवळ रबरासारखी लागते. वांग्यांना टोचे मारून 450 लाच 20-25 मिनिटं, मधे दोनदा फिरवून. नानला दगड डिफ्लेक्टरवर थेट ठेवू नका, मधे इंचभर पोकळी राहील असे पाय ठेवा.

झालं की दोन्ही झडपा पूर्ण बंद करा. राख दुसऱ्या दिवशीच्या आत काढू नका, आणि काढल्यावर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून डबा घरापासून आणि डेकपासून निदान 10 फूट लांब ठेवा. राखेत निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो. कागदी पिशवीत भरून डेकच्या कोपऱ्यात ठेवलेली राख हे डेक पेटायचं नेहमीचं कारण आहे. गॅरेजमध्ये किंवा जाळी लावलेल्या ओसरीत कमाडो पेटवणं तर नाहीच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हिवाळ्यात आच्छादन घाला. भिजलेली गास्केट (झाकण आणि बुड यांच्या मधली हवाबंद पट्टी) रात्री गोठली की झाकण चिकटून बसतं. ते हिसकलंत तर गास्केटच फाटून येते, ऊन चढेपर्यंत थांबा.

खरेदीच्या दिवशीचं. तुमच्या अंगणाच्या फाटकाची रुंदी मोजून ठेवा. खोकं सहसा लाकडी पाटावर येतं आणि आणणारे बऱ्याचदा ड्राइव्हवेवरच उतरवून जातात. उचलण्याआधी आतलं सगळं सुटं सामान बाहेर काढा: जाळी, वरचं कडं, भट्टी. तेवढ्याने बरंच वजन उतरतं. दोघांनी उचलायचं, एकाचा हात खालच्या झडपेच्या तोंडात आणि दुसऱ्याचा पाठीमागे तळाला. बाजूच्या फळ्या, मूठ किंवा बिजागरी धरून कधीच नाही. सही करण्याआधी झाकण आणि बुड बोटांनी चाचपा, टिचकी मारा. खणखणीत आवाज आला पाहिजे, भदभदीत आला तर तडा आहे, तिथल्या तिथे परत पाठवा. आतल्या भट्टीला वापरात बारीक तडा जाणं मात्र नेहमीचं आहे, ती तापून फुगते. त्याने काम बिघडत नाही. मोठ्या कंपन्या सिरॅमिकच्या भागांना दीर्घ हमी देतात, पण ती पहिल्या मालकाला आणि बऱ्याचदा अधिकृत विक्रेत्याकडून घेतल्यावरच, तेव्हा पावती जपा आणि नोंदणी त्याच आठवड्यात करा. पहिले दोन-तीन वेळा 350 च्या वर नेऊ नका, गास्केटचा गोंद नीट बसू द्या. पहिला घाणा वांग्यांचा आणि कणसांचा घ्या. ते त्या आचेलाही चांगले होतात, थोडा वेळ जास्त लागेल इतकंच.